उताराला दहापैकी चार

डोंगराबद्दल मला कोणी काही शिकवू नये. अठ्ठावीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवतोय. एवढ्या वर्षांत मी फळ्यावर जितके डोंगर काढले तितके निसर्गानेसुद्धा काढले नसतील, आणि माझे डोंगर निसर्गापेक्षा नीटनेटके असतात. त्यांना उंची असते, खाली प्रमाण असतं आणि बाजूला उत्तरेचा बाण असतो. त्यामुळे सासऱ्यांच्या मागे गावाबाहेरच्या टेकडीवरची उताराची जमीन माझी बायको आणि तिची धाकटी बहीण यांच्या नावावर आली आणि तिचे दोन भाग पाडायचं ठरलं, तेव्हा मी जेवताना जाहीर करून टाकलं, की परवानगी पंधरा दिवसांत आणतो. एजंट नको, ओळख नको. उतार हा माझा विषय आहे.

"लिहून ठेवू का?" बायको म्हणाली.

"ठेव," मी म्हणालो. माणसाने असं कधी म्हणू नये.

आता दोन भाग कशाला, हे सांगायला हवं. कारण बहिणींना दोन भाग मुळीच नको होते. त्यांना एकच मोठं घर हवं होतं, एकच स्वयंपाकघर, आणि संध्याकाळी पाय सोडून बसायला एकच लांबलचक ओटा. दोन घरं हवी होती ती मला आणि माझ्या साडूंना. आमच्या लग्नांनंतरच्या बावीस वर्षांत आम्हा दोघांचं ज्यावर एकमत झालं असा हा पहिला विषय.

साडू लिफ्टच्या कंपनीत सुपरवायझर आहेत. वाईट माणूस नाही. पण एकदा त्यांच्या घरी नळाचं काम निघालं म्हणून ते दोघं आमच्याकडे आठ दिवस राहिले. पहिल्या दिवशी त्यांनी आमच्या सगळ्या दारांना तेल घातलं. दुसऱ्या दिवशी माझ्या आरामखुर्चीखाली पाणसळ धरून तिचा एक पाय कापला. तिसऱ्या दिवशी उरलेले तीन कापले. आठव्या दिवशी माझे गुडघे हनुवटीला लागत होते आणि मी शाळेत तासभर आधी जायला लागलो होतो. त्यांचं माझ्याबद्दल म्हणणं असं, की मी त्यांच्या हातातला पेपर ओढून घेतो आणि लाल पेनने त्यातल्या चुका काढून परत देतो. असेल. चुका असतात म्हणून काढतो. पण थोडक्यात सांगायचं तर एका छपराखाली आम्ही दोघं महिनाभर राहिलो असतो, तर पुढचा सगळा विषय पोलिसांकडे गेला असता.

बहिणींनी कुरकुर करत आम्हाला अधिकारपत्र सही करून दिलं. "करा तुमची दोन घरं," मेहुणी म्हणाली. "बघूच भाऊजी, तुम्हाला जमतंय का."

मी नगरपालिकेत गेलो. तिथे खिडकीत बसणाऱ्या बाईंनी मला डोंगरउतारावरच्या जमिनीचे भाग पाडण्याची नियमावली दिली. चौसष्ट पानं. मी ती एका बैठकीत वाचून काढली आणि शुद्धलेखनाच्या सत्तावीस चुका लाल केल्या. नियम तसे सोपे आहेत. शंभर फूट पुढे गेलं की आपण किती फूट वर चढलो, तो आकडा म्हणजे उतार. वीसपर्यंत उतार असेल तर भाग पाडता येतात. प्रत्येक भागापुढे आगीचा बंब वळला पाहिजे. माणसाच्या उंचीपेक्षा जास्त डोंगर कापायचा नाही. एक नियम पंधरा (क) आहे. तो म्हणतो की जिथे पंधरा (ब) लागू होत नाही तिथे पंधरा (अ) पाहावा. आणि पंधरा (अ) समोर लिहिलंय, 'वगळला'. मी तो तीनदा वाचला आणि मला कार्यालयाबद्दल आदर वाटू लागला.

"लवकर करा पण," खिडकीवाल्या बाई म्हणाल्या. "एक तारखेपासून नवीन नियम येतोय. पंधराच्या वर उतार असेल तर भाग पाडायचेच नाहीत. एक जमीन, एक घर."

"म्हणजे दोन बहिणींची असेल तर?"

"राहायचं एकत्र. किती छान."

मी बोटांवर मोजलं. सव्वीस दिवस होते.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक काका राहतात. सगळे त्यांना खालचे काका म्हणतात. ते हवामान खात्यातून निवृत्त झालेत. तीस वर्षं अंदाज वर्तवल्यामुळे त्यांना चुकण्याची लाज म्हणून राहिलेली नाही. "उतार मोजायला यंत्र कशाला?" ते म्हणाले. "एक नारिंगी चेंडू घ्या. सोडा. सेकंद मोजा." नारिंगीच का, असं मी विचारलं. "गवतात दिसतो," ते म्हणाले. हा त्यांचा एकमेव सल्ला ज्यात तथ्य होतं. चेंडू सबंध वेळ दिसत होता. हमरस्ता ओलांडून पलीकडे जाईपर्यंत दिसत होता.

मग मी आणि साडू रीतसर टेप घेऊन मोजायला लागलो. माझा आकडा अठरा आला, साडूंचा बावीस.

"तुम्ही टेप ढिली धरता, मास्तर."

"तुम्ही डोंगर उभा धरता. जमीन आहे ही, लिफ्ट नाही."

"उतार म्हणजे दुसरं काय, थकलेली लिफ्टच."

एवढं बोलून ते टेपचं टोक धरून एक पाऊल मागे सरकले, ओल्या गवतावर बसले आणि त्याच बसलेल्या अवस्थेत चाळीस फूट खाली गेले. टेप मात्र त्यांनी सोडली नाही. ती पूर्ण ताणलेली होती, म्हणून ते मोजमाप आम्ही ग्राह्य धरलं. एकोणीस.

नकाशा मी स्वतः काढला. दोन भाग शेजारी-शेजारी, रस्त्याला लागून. खालच्या बाजूला हिरवा, मध्ये पिवळा, माथ्यावर तपकिरी रंग दिला. अर्जासोबत दुसऱ्या पक्षाचं स्वतःच्या अक्षरातलं निवेदन लागतं. ते साडूंनी लिहून आणलं. जसंच्या तसं देतो: 'सदर जमीन साधारण तिरकी आहे. पाऊस पडल्यास पाणी आपापल्या मार्गाने जाईल. शेजाऱ्यांचा काही प्रश्न नाही. तरी दोन भाग करून मिळावेत.'

आता मला सांगा, अठ्ठावीस वर्षं उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसाच्या हातात असा कागद पडल्यावर तो काय करेल? मी काही केलं नाही, हाताने केलं. समासात लाल अक्षरात लिहिलं: 'उतार मोघम. पुन्हा मोजा. पाणी कुठे जाणार? शेजाऱ्यांचा विचार केलेला नाही.' खाली १० पैकी ४, माझी आखूड सही, तारीख. मग मला साडू समोर बसलेत याची आठवण झाली. कागद पटकन घडी करून मी खिशात घातला आणि म्हणालो, "मजकूर उत्तम आहे. फक्त अक्षर जरा मोठं काढून पुन्हा लिहिता का?"

त्यांनी लिहिलं. दुसऱ्या दिवशी मी अर्ज नेऊन दिला. खिडकीवाल्या बाईंनी पावती दिली, नकाशाकडे बघून "शाळेतल्यासारखा आहे" म्हणाल्या, आणि मी शीळ घालत घरी आलो. दोन दिवसांनी कपडे धुवायला टाकताना खिशात साडूंचा मोठ्या अक्षरातला कागद सापडला.

मी शाळेला दांडी मारून नगरपालिकेकडे निघालो. नेमके साडू वाटेत भेटले आणि "चला, मीही येतो" म्हणत बरोबर आले.

"तुमच्या फाइलवर शेरा पडलाय," खिडकीवाल्या बाई हळू आवाजात म्हणाल्या. "लाल शाईत."

"मग?" साडू म्हणाले.

बाईंनी आजूबाजूला पाहिलं. त्या कार्यालयाची एक रीत आहे. निळी शाई अर्जदाराची. हिरवी शाई साहेबांची. आणि लाल शाई कोणाची, हे कोणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे ती सगळ्यात वरची. फाइल दोन दिवसांत चार टेबलांवरून फिरली होती. चारही टेबलांनी तो शेरा पाहिला होता आणि चौघांनीही खाली हिरव्या शाईत लिहिलं होतं, 'वरीलप्रमाणे त्वरित कार्यवाही व्हावी.'

"आणि हे दहापैकी चार काय आहे?" साडूंनी विचारलं.

"ते नवीन आहे," बाई म्हणाल्या. "आता फाइलींना गुण देणार असं ऐकलंय. वरच्या मजल्यावरचे सगळे आपापल्या फाइली नीट लावतायत कालपासून."

साडूंनी कागद जवळ घेऊन सहीकडे पाहिलं. सुदैवाने माझी आखूड सही म्हणजे एक वेटोळं आणि एक शेपूट आहे. कागद पहिला की दुसरा, हे रागात त्यांच्या लक्षातही आलं नाही. "कोण हा गाढव?" ते म्हणाले. "कार्यालयात बसून डोंगराला अक्कल शिकवतोय."

सांगून टाकायची वेळ तीच होती. तोंड उघडलंही होतं मी. पण माणसाला एकदा गाढव म्हटलं गेल्यावर 'तो मीच' असं म्हणायला जे मोठं मन लागतं, ते माझ्याकडे त्या दिवशी नव्हतं. "बरोबर आहे तुमचं," मी म्हणालो.

आणि माझा एकेक शेरा माझ्या अंगावर यायला लागला.

'पुन्हा मोजा' म्हणून आम्ही पुन्हा मोजलं. या वेळी दोघांनी कमरेला एकच दोरी बांधली, म्हणजे एक घसरला तर दुसरा धरेल. दुसऱ्याने धरलं नाही. दुसराही आला. पायथ्याला ड्रायव्हिंग स्कूलचं मैदान आहे, तिथपर्यंत आम्ही एकत्र गेलो. साडू उठून गवत झटकत म्हणाले, "तो शेरा लिहिणारा एकदा माझ्या लिफ्टमध्ये सापडू दे. दोन मजल्यांच्या मध्ये अडकवतो." मी म्हणालो, "अगदी योग्य."

मग 'पाणी कुठे जाणार?' या प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं. नियमावलीत त्यासाठी एक जलपरीक्षा आहे, जी आजवर कोणी केली नव्हती, कारण आजवर कोणी विचारलं नव्हतं. माथ्यावर टँकर न्यायचा, पाणी सोडायचं आणि ते कुठे जातं ते दोन साक्षीदारांनी पाहायचं. खालच्या काकांनी सकाळी आभाळाकडे बघून सांगितलं, की पाणी उजवीकडे वळेल. आम्ही सगळे निश्चिंतपणे डावीकडे उभे राहिलो. पाणी खडकापर्यंत सरळ आलं, तिथे क्षणभर विचार केल्यासारखं थांबलं, आणि डावीकडे वळलं. काका, मी आणि साडू, तिघांनाही गुडघ्यापर्यंत भिजवून ते ड्रायव्हिंग स्कूलच्या मैदानात गेलं. तिथे एक शिकाऊ बाई पहिल्यांदाच गाडी सरळ रेषेत चालवत होत्या. पाणी आलं आणि गाडी अतिशय सुबकपणे गोल फिरून ज्या तोंडाने आली त्याच तोंडाने परत निघाली.

"मला वळवता आली," बाई खिडकीतून आनंदाने म्हणाल्या.

स्कूलचा मालक मात्र संतापला. त्याने नगरपालिकेत लेखी तक्रार दिली, 'वरच्या जमिनीचे पाणी माझ्या मैदानात येते.' खिडकीवाल्या बाईंनी ती तक्रार फाइलला जोडली आणि समाधानाने टाचणी मारली. "झालं. पाणी कुठे जाणार, याचं लेखी उत्तर आलं." मालकाला चर खणून देण्याचं आम्ही कबूल केलं, तेव्हा तो इतका खूश झाला की पुढे काही मदत लागली तर सांगा म्हणाला. त्याने तसं म्हणायला नको होतं.

राहिले शेजारी. नियम बावीस सांगतो, की होणाऱ्या घरांचे नुसते सांगाडे बांबूचे करून, वर नारिंगी फिती लावून, जागेवर सात दिवस उभे करायचे. म्हणजे घर केवढं होणार ते लोकांना दिसतं आणि त्यांना हरकत घेता येते. आम्ही दोन सांगाडे उभे केले, मध्ये नियमाप्रमाणे दहा फुटांची मोकळी जागा. माझा सांगाडा मी बांधला, त्यांचा त्यांनी. त्यांचा काटकोनात होता. माझा पाहून लोक, हे देखावा म्हणून ठेवलंय का, असं विचारायचे.

या सात दिवसांत त्या टेकडीवर जितकी माणसं आली तितकी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला येत नाहीत. कोणीतरी माझ्या होणाऱ्या झोपायच्या खोलीत बकऱ्या बांधल्या. एक जोडपं दोन्ही घरं बघून, वरच्या मजल्यावर काही रिकामं आहे का, असं विचारून गेलं. वाऱ्याने रोज फिती उडायच्या आणि मी रोज शाळा सुटल्यावर शिडी घेऊन त्या परत बांधायचो. आमच्या वर्गातली मुलं रस्त्यावरून "सर, चौथ्या बांबूची सुटली" म्हणून ओरडायची. भूगोलाच्या शिक्षकाने हे सहन करायचं असतं, असं कुठल्याही अभ्यासक्रमात नाही.

दोघी बहिणी रोज थर्मास घेऊन यायच्या. त्या ना माझ्या घरात बसायच्या, ना साडूंच्या. मधल्या दहा फुटांत चटई टाकायच्या. "इथे वारा छान आहे," बायको म्हणायची. मी वरून ओरडून सांगायचो की ती जागा कोणाचीच नाही. "म्हणूनच बरी आहे," मेहुणी म्हणायची.

चार हरकती आल्या. एकाला बांबूचं घर नको होतं, सिमेंटचं हवं होतं. दुसऱ्याला बकऱ्या कुठे बांधायच्या ते कळत नव्हतं. तिसऱ्याला सांगाडे आवडले होते आणि ते काढायला त्याची हरकत होती. चौथी हरकत खालच्या काकांची होती. 'माझ्या खिडकीतून टेकडी दिसते. घरे झाल्यास ढगांचा अंदाज घेता येणार नाही.'

"काका, तुम्ही आमच्या बाजूचे ना?" मी विचारलं.

"शंभर टक्के तुमच्या बाजूचा," काका म्हणाले. "पण शेजाऱ्यांचा विचार करा असं लाल शाईत लिहिलंय म्हणे. मग मी विचार केला."

शेवटी खिडकीच्या उंचीवर तोडगा निघाला आणि चारही हरकती निकालात निघाल्या. उरली ती जागेची पाहणी. ती करणाऱ्या अधिकाऱ्यांना सगळे उतारसाहेब म्हणायचे. त्यांनी वेळ दिली ती शुक्रवारची, दुपारी दोनची. शनिवार-रविवार सुट्टी, सोमवारी एक तारीख. म्हणजे शुक्रवारी पाचच्या आत फाइलवर शिक्का बसला तर दोन घरं, नाही तर आयुष्यभर एक.

"साहेबांचा गुडघा दुखतो," खिडकीवाल्या बाईंनी आम्हाला सावध केलं. "चढ असला की ते खालूनच बघतात आणि नाही म्हणतात."

हे ऐकून साडूंच्या डोळ्यांत जी चमक आली ती पाहून मी हादरलो. दोन दिवसांत त्यांनी बांबूंचे दोन रूळ अंथरले, त्यावर चाकं लावलेली खुर्ची बसवली, माथ्यावर कप्पी लावली आणि कप्पीवरून दोर परत खाली आणून ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला बांधला. गाडी मैदानात पुढे जाणार, खुर्ची डोंगरावर चढणार. "साधं यंत्र आहे," ते म्हणाले. "बिघडायला त्यात काही नाहीच."

"गाडी कोण चालवणार?"

मालकाने मान खाली घातली. दुपारी दोनची शिकवणी त्याच बाईंची होती.

उतारसाहेब तासभर उशिरा आले. बारीक, सज्जन, मफलर गुंडाळलेला माणूस. खुर्ची पाहून त्यांचे डोळे भरून आले. "अठरा वर्षांत माझ्या गुडघ्याचा विचार कोणी केला नाही," ते म्हणाले आणि फाइल मांडीवर घेऊन बसले. गाडी निघाली. खुर्ची संथपणे, अगदी राजेशाही थाटात वर जायला लागली. मी आणि साडू दोन्ही बाजूंनी चालत होतो. मला साडूंचा, खोटं कशाला बोलू, अभिमान वाटला. बरोबर मध्यावर खुर्ची थांबली.

"बंद पडली," खालून बाईंचा आवाज आला. "पण हँडब्रेक लावलाय मी."

"लावलात ते उत्तम," साडू ओरडले. "आता काही करू नका."

उतारसाहेब शांत होते. त्यांनी बसल्या जागी यंत्र डोळ्याला लावलं. वर बघितलं, खाली बघितलं. "एकोणीस पूर्णांक सहा," ते म्हणाले. "बसतंय नियमात." मी आणि साडूंनी खुर्चीवरून एकमेकांचा हात हातात घेतला. मग त्यांनी फाइल उघडली, पानं उलटली आणि हिरवं पेन परत खिशाला लावलं.

"बाकी सगळं झालंय," ते म्हणाले. "पण हे दहापैकी चार. वरच्यांनी निम्म्याहून कमी गुण दिलेली फाइल मी पास कशी करू? ज्यांनी दिलेत त्यांना वाढवायला सांगा. उद्या..." मग त्यांनाच आठवलं. "उद्या सुट्टी आहे, नाही का."

चार वाजले होते. साडू म्हणाले, "साहेब, त्या गाढवाचं नाव तरी सांगा. मी आत्ता पाय धरतो त्याचे."

मी घसा खाकरला. "धरायची गरज नाही," मी म्हणालो. "शेरा माझा आहे."

खाली बाई इंजिन सुरू करायचा प्रयत्न करत होत्या.

"म्हणजे तीन आठवडे," साडू सावकाश म्हणाले, "मी तुम्हाला शिव्या देत होतो."

"हो."

"आणि तुम्ही 'बरोबर आहे' म्हणत होतात."

"तुमचं बोलणं तोडायचं नव्हतं मला."

"ते राहू दे. चार? मास्तर, चार? मी अर्धा तास बसून लिहिलं होतं ते."

"तुम्हीच दिलेत ना?" उतारसाहेब मध्ये पडले. "मग सात करा, बाजूला सही करा, मोकळे व्हा. मी गुण बघणार, गुण देणारा नाही बघणार."

मी लाल पेन काढलं. टोपण काढलं. चारवर टेकवलं. आणि हात चालेना. अहो, हेडमास्तरांच्या भाच्याला मी चौतीसचे पस्तीस केले नाहीत. माझ्या स्वतःच्या मुलीला वाळवंटाच्या प्रश्नात शून्य दिलं आणि चार दिवस घरात गार जेवलो. मी ते निवेदन पुन्हा वाचलं. 'साधारण तिरकी आहे.' नाही. माझा अगदी नाइलाज होता.

"साहेब," मी म्हणालो, "हे चारचंच आहे."

"मास्तर," साडू दात दाबून म्हणाले, "सोमवारपासून आपल्याला जन्मभर एकाच न्हाणीघराच्या दाराशी टॉवेल घेऊन उभं राहायचंय. मी आत असेन. मी आत गातो."

"माहीत आहे. मी आठ दिवस ऐकलंय." मी घड्याळ पाहिलं. "फेरपरीक्षा घेता येईल."

साडूंनी माझ्याकडून एक कोरा कागद घेतला, ते एका दगडावर बसले आणि लिहायला लागले. मी मागे हात बांधून त्यांच्याभोवती फेऱ्या मारू लागलो. पाहणी बघायला आलेले खालचे काका पायथ्यावरून ओरडले, "पाण्याचा मुद्दा विसरू नका. आणि खिडक्यांची उंची टाका."

"काका, सांगायचं नाही," मी दम दिला. काका झाडामागे गेले. उतारसाहेब खुर्चीत बसून, त्यांच्या नकळत, बोट ओठांवर ठेवून होते.

वीस मिनिटांनी कागद आला. मी वाचला. आणि खरं सांगतो, मला घाम फुटला, कारण तो चांगला होता. उतार होता, मोजणी होती, 'पाणी खडकाला वळसा घालून डावीकडे जाते, हे आम्ही स्वतः त्यात उभे राहून पाहिले आहे' असं होतं. आणि शेवटी लिहिलं होतं: 'आम्हा दोघां साडूंना एकमेकांबद्दल आदर आहे. तो टिकावा म्हणून दोन घरे हवीत.'

मी चष्मा पुसला. मग लाल शाईत लिहिलं, साडेसात. अर्धा गुण अक्षराचा कापला होता.

"अर्धा कसला?" साडूंनी विचारलं.

"साडू," मी म्हणालो, "आता नको."

उतारसाहेबांनी हिरव्या शाईत सही केली. त्यांनी पेनाचं टोपण लावायला आणि खाली बाईंना गिअर सापडायला एकच गाठ पडली. तो रिव्हर्स होता. गाडी डोंगराच्या दिशेने आली, दोर ढिला पडला, आणि साहेब फाइल डोक्यावर धरून ज्या वेगाने वर आले होते त्याच्या दसपट वेगाने खाली गेले. मैदानातल्या चिखलात ते बसल्या जागी थांबले. लागलं काही नव्हतं. उलट त्यामुळेच वेळ वाचला. गाडी सुरूच होती, मालकाने बाईंना बाजूला सरकवलं, साहेबांना मागे घातलं, आम्ही दोघं त्यांच्या दोन्ही बाजूंना बसलो, आणि पाचला सात मिनिटं कमी असताना नगरपालिकेत पोचलो.

"फाइल कोरडी आहे, साहेब ओले आहेत," खिडकीवाल्या बाई म्हणाल्या. "चालेल." आणि शिक्का मारला.

त्या संध्याकाळी मी आणि साडू चहाच्या दुकानात तासभर बसलो. बावीस वर्षांत पहिल्यांदाच. ते माझ्या नकाशातल्या रंगांबद्दल चांगलं बोलले. मी त्यांच्या कप्पीबद्दल चांगलं बोललो. मंजुरीचा कागद दोघींसमोर टेबलावर ठेवला, तेव्हा मी एवढंच म्हणालो, "घ्या. दोन." बायकोने कागद वाचला आणि बहिणीकडे पाहिलं. बहीण म्हणाली, "मधले दहा फूट कुणाचे लिहिलेत यात?"

"दोघींचे पाच-पाच," मी म्हणालो. "ते रिकामे ठेवायचे असतात."

सोमवारी मी शाळेत होतो आणि साडू एका इमारतीच्या लिफ्टवर. दोघी बहिणी सकाळी नगरपालिकेत गेल्या. दोन भाग पुन्हा एक करण्याचा अर्ज एका पानाचा असतो. त्याला उतार मोजावा लागत नाही, पाणी सोडावं लागत नाही आणि सह्या फक्त मालकांच्या लागतात. नवीन नियम दहा वाजता लागू झाला. अर्ज सव्वाअकराला मंजूर झाला.